डब्लिनचं सोमवारचं तिकीट

(नांदेड. आनंदराज डब्लिनहून फोनवर बोलतोय. बायको महामाया आणि आई पारूबाईनं फोन स्पीकरवर ठेवलाय.)

महामाया : रद्द कर म्हणजे? व्हिसा आला, मी राजीनामा देऊन बसले, सोमवारी विमान आहे. कारण तर सांगा.

आनंदराज : घर लहान पडतंय. दिवाळीनंतर बघू.

महामाया : जानेवारीत तिकडं वादळानं दोन दिवस लाईट नव्हती, तरी म्हणत होतात, कधी येतीस. आता तर तिकडं उन्हाळा चालू आहे, काय बिघडलं?

पारूबाई : आनंदा, तोंड दाखव. चार दिस झाले, नुसता आवाज ऐकून राहिले.

आनंदराज : नेट बरोबर नाही, आई.

पारूबाई : मला येड्यात काढू नको. कॅमेरा लाव.

महामाया : आई गं. डोळा केवढा सुजलाय हो.

आनंदराज : ड्युटीवरून येताना पोरांनी मारलं. ‘तुमच्या देशात जा’ म्हणत होते. भुवईला चार टाके आहेत, बाकी काही नाही. यंदा इथं आपल्या भारतीय लोकांवर लई हल्ले चालू आहेत. पंधरा ऑगस्टचा मेळावासुद्धा पुढं ढकलला. तू येऊ नको, माया. मीच येतो परत.

महामाया : आणि मला घर लहान म्हणून सांगता? मी इथं काय काय मनात आणून बसले, माहीत आहे?

पारूबाई : थांब गं जरा. आनंदा, तू पडल्यावर कोन आलं?

आनंदराज : म्हणजे?

पारूबाई : इचारलं तेवढं सांग.

आनंदराज : समोरची म्हातारी. नोरा नाव तिचं. चपला न घालता पळत आली, पोरांना हाकललं. माझ्यासोबत दवाखान्यात सहा तास बसली. आता तिचा पोरगा मला रोज ड्युटीला सोडतो.

पारूबाई : अठ्ठ्याहत्तर साली इद्यापीठाला बाबासायबांचं नाव द्यायचं ठरलं, तवा माझ्या बापाचं घर जाळलं. बारा वर्साची व्हते मी. सगळं गाव बघत हुबं. कळशीभर पानी घिऊन एकजन आला न्हाई.

महामाया : मी तिकीट रद्द करणार नाही. सोमवारी निघते.

आनंदराज : माया, ऐक जरा.

महामाया : ऐकलं की आत्ताच. दोघांचंही.

आनंदराज : आई, आजोबांच्या घराचं तू कधीच बोलली नाहीस.

पारूबाई : तू आजोळी ऱ्हाऊन त्याच गावच्या शाळंत व्हतास. त्यांच्याच पोरांसंगं एका डब्यात जेवायचास. कसं सांगू?