तीन आणि चार पाच!

...नाही, पण मला एक सांगा, तीन आणि चार किती? सात ना? पहिलीतलं पोरही सांगेल, सात! आणि माझी स्वतःची लेक, जिला मी बोटं मोजून आकडे शिकवले, ती मला तोंडावर सांगते, "बाबा, पाच." पाच!

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं कारखान्यात वायरमन आहे मी, अख्ख्या कारखान्याची वीज या दोन हातांतून गेलीय, म्हणजे तशी नाही, तशी एकदाच गेली, पण ते जाऊ दे... तर नवे मॅनेजर आले आणि म्हणाले, "परीक्षा पास व्हा, सुपरवायझर करतो. नापास झालात तर स्टोअरमध्ये बसून स्क्रू वाटा." स्क्रू! या वयात! म्हणून सुट्टीच्या दिवशी बायकोने मला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी, आत मी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची लेक आणि एसी सर्किट. खिडकीतून पळावं म्हटलं तर गज. गजही मीच बसवलेले!

लेक म्हणते, "हा हीटर, तीन अँपिअर घेतो. शेजारी कपॅसिटर, चार घेतो. दोघांचा मिळून मुख्य वायरीतून करंट किती?" म्हटलं, सात. "पाच." अगं, मग दोन अँपिअर गेले कुठे, खाल्ले कुणी? मग तिने बाण काढले, एक आडवा तीनचा, एक उभा चारचा, टोकं तिरक्या रेघेने जोडली, रेघ मोजली, म्हणे हे बघा पाच. मी म्हटलं, मला पाणी पाहिजे. बाहेरून आवाज, "आधी गणित, मग पाणी!"

चार तास हो... तीन आणि चार पाच, तीन आणि चार पाच! शेवटी लेकच वैतागली, "अहो बाबा, दोघं एकाच वेळी जोरात नसतात! हीटरचा करंट शिगेला असतो तेव्हा कपॅसिटरचा शून्यावर. म्हणून सरळ बेरीज नाही करायची!" आणि माझ्या डोक्यात लख्ख... अगं, म्हणजे माझा आणि तुझ्या आईचा राग! तिचा चढतो तेव्हा माझा उतरलेला, म्हणून तर घरातली भांडी शाबूत! बाहेरून, "कुणाचा राग?" मी लगेच शून्यावर.

गेलो परीक्षेला. लेखी ठोकून काढली. तोंडीला समोर साहेब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, म्हणाले, "टाँग टेस्टर वापरता ना? वायरीला चिमट्यात धरला की करंट दाखवतो. मग सव्वीस वर्षांत हे पाच कधी दिसलं नाही तुम्हाला?" दिसलं होतं हो! दर वेळी! हीटरवर तीन, कपॅसिटरवर चार, मुख्य वायरीवर पाच, आणि दर वेळी मी म्हणायचो, मीटर बिघडला, मेल्याला साधी बेरीज येत नाही, आणि चिठ्ठी चिकटवून अडगळीत! एक नाही, दोन नाही, अकरा मीटर! आता नाही म्हणावं तर खोटारडा, हो म्हणावं तर गाढव, उठून पळावं तर दार साहेबांच्या पाठीमागे... म्हटलं, "दिसलं, साहेब. अकरा मीटर मोडीत काढले." साहेब हसले, इतके हसले की चष्मा खाली पडला. पास केलं हो मला!

झालो सुपरवायझर. पहिल्याच दिवशी टेबलावर काय? अकराच्या अकरा मीटर, आणि वर मॅनेजरांचा फॉर्म, 'तपासून बिघाड लेखी कळवावा.' तपासले. सगळे ठणठणीत! पण 'बिघाड कुठे आहे' हा रकाना कोरा ठेवला तर फॉर्म परत येतो, दोनदा आलाही... मग काय करणार? लिहिलं माझं नाव.