पाणीवाला गट

हसा खुशाल, पण चहाने स्मरणशक्ती वाढते का, यावर माझी अख्खी पीएचडी टांगली होती. मुक्ताईनगरजवळच्या एका गावात, केळीवाल्या नानांच्या ओट्यावर मी चिठ्ठ्या टाकून वीस माणसांचे दोन गट केले. एकाला चहा, दुसऱ्याला नुसतं गरम पाणी, मग दोघांची शब्द आठवायची परीक्षा. इतकं शास्त्रशुद्ध, की माझी मलाच दृष्ट लागली असती.

दोन्ही गटांना सारखेच शब्द आठवले. आमच्या सरांनी फोनवरच शोध जाहीर केला, "चहाचा काही परिणाम होत नाही, लिहून टाका!"

निघताना नानांच्या बायको, अक्का, हळूच म्हणाल्या, "पाणीवाल्यांले मी आधीच आत बोलावून चहा पाजला हो. बरं दिसते का ते?"

मी कपाळाला हात लावला. तुलनेसाठी एका गटाला चहा द्यायचाच नसतो, हे अक्कांना आणि नानांना समजावू लागले.

"मले शिकवता का, ताई?" नाना म्हणाले. "नवीन खत आणलं की केळीची एक ओळ मी बिनखताचीच ठेवतो. पण ती ओळ कधी माझ्या ओट्यावर, शेजारच्याच्या कपाकडे बघत बसली नाही."