भट्टीआधीचं वजन

म्हातारी: सहा आठवडे! अहो, सहा आठवडे हे पत्र या पुस्तकात पडून आहे आणि मी रोज वरची धूळ पुसतेय.

म्हातारा: पडून नाही गं. खूण म्हणून ठेवलंय.

म्हातारी: कसली खूण? पुस्तक एक पान पुढे सरकलेलं नाही. आणि ही मागे तुमच्या अर्धवट उत्तरांची काय चळत? "चि. भिंगरीस", खोडलं. "आदरणीय विभागप्रमुख", खोडलं. "प्रिय भिंगरी". हे का खोडलंत?

म्हातारा: ती आता मोठी साहेब आहे. हाताखाली तीस माणसं.

म्हातारी: आणि सही काय करते? "तुमची भिंगरी". ओतशाळेत शिकाऊ असताना तुमच्यामागे भिरभिरायची म्हणून तुम्हीच पाडलेलं नाव. काय विचारलंय तिनं?

म्हातारा: वाचलंस ना?

म्हातारी: वाचलं, पण डोक्यावरून गेलं. मला समजेल असं सांगा.

म्हातारा: टर्बाइनची पाती. भोवती वायू इतका तापलेला असतो, की पात्याच्या पोटातून थंड हवा खेळली नाही तर पातं टिकायचं नाही. आम्ही मेणाचा साचा करून, त्या हवेच्या वाटांसाठी आत मातीचा गाभा घालून ओतायचो. ही धातूच्या भुकटीवर लेझर फिरवते, थरावर थर चढवून अख्खं पातं छापते. आतल्या वाटा अशा नागमोडी, की आम्हाला सात जन्मांत जमल्या नसत्या.

म्हातारी: मग अडलं कुठं?

म्हातारा: दर पाचवं पातं तुंबतंय. वळणावर भुकटी राहते आणि दगडासारखी होते. या महिनाअखेरीला मोठी चाचणी आहे. तीत पाती नापास झाली तर छपाई बंद, काम परत ओतशाळेकडे.

म्हातारी: म्हणजे तुमचा पक्ष जिंकला की!

म्हातारा: असं नको ना बोलूस.

म्हातारी: बरं, नाही बोलत. उपाय ठाऊक आहे तुम्हाला?

म्हातारा: वाटतं. पण माझं वाटणं ते काय! मी मेणामातीतला माणूस.

म्हातारी: आढेवेढे पुरेत.

म्हातारा: तिच्या पत्रात एक ओळ आहे. "वजन आम्ही शेवटी, माल पाठवताना करतो." घोळ तिथंच असावा. आम्ही गाभा विरघळवून काढला की प्रत्येक पातं तोलायचो, कणखर करायला भट्टीत घालायच्या आधी. चिमूटभर जास्त भरलं, तर पोटात काहीतरी राहिलंय. परत धुवायचं. तिचं पातंही छापल्यावर भट्टीत जातं; भुकटीसकट गेलं की ती आतच घट्ट होणार, मग ब्रह्मदेव आला तरी निघायची नाही.

म्हातारी: एवढंच? हे तर चार ओळींत मावेल.

म्हातारा: हो.

म्हातारी: मग सहा आठवडे कशाला लागले? माझ्याकडे बघा. खिडकीबाहेर काही नाहीये.

म्हातारा: माझ्या निरोपसमारंभाला तू आली नव्हतीस. ताप होता तुला.

म्हातारी: बरं, मग?

म्हातारा: तिनं पहिलं छापलेलं पातं आणलं होतं मला दाखवायला. रुमालात गुंडाळून. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "खेळणं छान आहे, पण खेळणंच." लोक हसले. आयुष्यात एकदाच माझ्या बोलण्यावर सभा हसली, आणि ती अशी.

म्हातारी: ती काय म्हणाली?

म्हातारा: रुमाल परत गुंडाळला. पत्रातही त्याबद्दल चकार शब्द नाही. वर "तब्येतीला जपा" म्हणून लिहिलंय. तेच बोचतं गं.

म्हातारी: वेडे आहात. पोटात हे तुंबलंय आणि वर मायना खोडत बसलात! बसा इथं. चहा टाकते. चहा होईपर्यंत पहिली ओळ झाली पाहिजे.

म्हातारा: मायना काय लिहू?

म्हातारी: तो मी सांगते. "प्रिय भिंगरी". खोडलंत तर चहा नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी.)

म्हातारी: पाकीट उलटंपालटं काय करताय? तिकीट लावलंय, पत्ता बरोबर आहे.

म्हातारा: वजनाचं तिला आधीच सुचलं असेल तर? हसेल.

म्हातारी: हसू दे. हसायला का होईना, इकडे येईल तरी. आणि त्या खेळण्याचं?

म्हातारा: पहिल्याच ओळीत. "त्या दिवशी माझं चुकलं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं." मग वजनाचं.

म्हातारी: शाबास. तीनदा तपासून झालंय, आता पेटीला वाचू द्या.

म्हातारा: तू टाकतेस?

म्हातारी: मुळीच नाही. लग्नाला होकारसुद्धा माझ्याआड लपून दिलात, तेवढं पुरे. टाका.

म्हातारा: … टाकलं.

म्हातारी: आवाज आला. चला आता. एवढी चार पानं भरलीत तरी कशानं? उपाय तर चार ओळींचा होता.

म्हातारा: बाकीचे प्रश्नच आहेत. आणि शेवटी लिहिलंय, तुंबलेलं एक पातं मधोमध कापून माझ्याकडे पाठव. ती वळणं तू कशी घेतलीस, ते मला नीट बघायचंय.