शांत झालं की ती उठते

नमस्कार मंडळी. लिक्सलिपच्या फॅक्टरीतली मंडळी शिफ्ट संपवून थेट आलीत, बरं वाटलं. तमाराबाईंच्या श्रद्धांजलीला मला बोलायला उभं केलंय कारण मी त्यांची शेजारीण. डून लेरीला आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. मला भाषण येत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

आपल्या मराठी पोरांना त्यांनी याच हॉलमध्ये कोलांट्या शिकवल्या. पोरांच्या त्या तमारा आजी. त्या एके काळी सोव्हिएत जिम्नॅस्टिक्स टीममधून खेळायच्या, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? स्वतःहून सांगायच्याच नाहीत. लहानपणीच आईपासून उचलून स्पोर्ट्स स्कूलमध्ये ठेवलं. मेडल मिळालं, मग पाठ गेली, मग ज्या देशासाठी उड्या मारल्या तो देशच गेला. "आणि मग मी इथे आले, सगळं ग्रँड, उत्तम," एवढ्यावर आटपायच्या.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. दिवसभर रेडिओ! हवामान, घोड्यांच्या शर्यती, काहीही. बाई बाहेर गेल्या तरी आत चालूच. मी म्हटलं, जरा बंद ठेवाल का? त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. चपलेतली बोटं बघून म्हणाल्या, यांना पकड माहीत आहे. मी सांगितलं, शाळेत दोरीचा मल्लखांब करायचे. तेव्हा कुठे आत घेतलं.

मग म्हणाल्या, "रेडिओ बंद करता येणार नाही. शांत झालं की ती उठते."

कोण ती? घरात तर दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "ही. ही कुडी."

त्यांच्या कोचने शिकवलं होतं, हॉल शांत झाला की सुरू करायचं. मनाला विचारायचं नाही, मन घाबरतं. म्हणून मनाला वगळून शरीरालाच शिकवलं. "मी खेळ सोडला," म्हणाल्या, "पण तिला पुरे असं कुणी सांगितलंच नाही. मला एकच भीती आहे. मला निवांत पडून मरायचंय गं. तिने मला उठवू नये."

मी हसले. वाटलं, बाईंचा स्क्रू ढिला आहे.

पुढे त्या विसरायला लागल्या. आधी नावं, मग घर, मग मेडलसुद्धा. नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. एका दुपारी मी आणि माझी लेक इरा भेटायला गेलो. सगळ्यांना विश्रांती मिळावी म्हणून रेडिओ बंद केला होता. तमाराबाई डोळे मिटून पडल्या होत्या. चेहरा गाढ झोपेतला. आणि त्याखाली शरीर काम करत होतं! मनगटं वळत होती, गुडघे घट्ट जुळले होते, पायाची बोटं ताणलेली. मग श्वास थांबला, आणि सगळा पलंग हादरला. क्षणभर काही नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

नर्स म्हणाली, स्वप्न पडत असेल. इरा पांढरीफटक. "आई, शी'ज ऑन द बार्स," म्हणाली. "आता दांडा सोडणार. आता पकडणार." आणि तसंच होत होतं. मी देवाची शपथ घेऊन सांगते, तसंच होत होतं.

मी तर गारठले. इरा मात्र पलंगावर बसली आणि बडबडायला लागली. शाळा, डबा, मैत्रिणीचं मांजर. एरवी मला इंग्लिशमध्येच उत्तर देणारी ही पोरगी, त्या दिवशी मोडकं का होईना, मराठीत बोलली. हळूहळू बाईंचे गुडघे सैल झाले. बोटं सुटली. घाम पुसला तेव्हा त्या खरंच झोपल्या होत्या.

त्यानंतर तुम्ही सगळे आळीपाळीने गेलात. सँडीफोर्डहून ऑफिस सोडून गेलात. कुणी भाज्यांचे भाव सांगितले, कुणी सासूच्या तक्रारी. बाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण त्या पडल्यापडल्याच गेल्या, निवांत गेल्या, आणि त्या वेळी आपले जोशीकाका गुडघ्याच्या ऑपरेशनची कहाणी सांगत होते. काका, तुमचे उपकार आहेत.

मग परवाचा दिवस. तमाराबाईंना इथल्या रीतीने शवपेटीत ठेवलं होतं, पांढरी चादर, हातात फुलं. पाद्रीबाबांनी मिनिटभर शांत राहायला सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पायाशी होते. मी मेडिकल डिव्हाइसेसमध्ये काम करते, मेल्यावर शरीराचं काय होतं हे मला कळतं. तरी सांगते. चादरीखाली पायाची बोटं हळूहळू ताणली गेली.

मला भास झाला म्हणा. पण इराने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले.

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत आता दोन मिनिटं शांतता लिहिली आहे. कृपा करा, ती पाळू नका. पोरांना सोडा, पळू देत. चहाचे कप वाजू देत. इकडचं तिकडचं बोला, मोठ्याने बोला. तमाराबाई, आता पुरे. तुम्हाला माझा नमस्कार.

असे बघत काय राहिलात? अहो, बोला ना कुणीतरी. हॉल फार शांत झालाय.