लाल फ्रॉकची पोर

मुलांनो, बुधीबाई तलासरीकडच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस आहे. बाजाराच्या दिवशी डहाणूला आली की आपल्या ओट्यावर घटकाभर टेकते. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिलं आहे. जिथं तुम्ही अडाल तेवढेच शब्द सरळ केले.

आमचा जन्म डोंगराकडचा, बाय. बुधवारी झाले म्हणून बुधी. बापूस दुसऱ्याच्या शेतात भात लावायचा, आईस गवत कापायला जायची, आणि आम्ही पाच भावंडं घरी, मोठीनं धाकट्याला धरून बसायचं, हीच आमची अंगणवाडी. चौथीपर्यंत शिकले, मंग लगीन, मंग पोरं, मंग पाड्यावर सिमेंटची खोली झाली, वर स्लॅब, आणि मला म्हणाले बुधे, तू खिचडी शिजव. तेव्हापासून शिजवते. पोरांना घरून आणायचं, हात धुवायचे, नाकं पुसायची, अंडं सोलून द्यायचं. अंड्याला पोरं अशी बघतात, काय सांगू तुम्हाला, नवरीला बघावं तशी.

आमच्या सेविका ताई तलासरीहून येतात. शिस्तीच्या. वजनाच्या दिवशी पोरांना काट्याच्या झोळीत घालतात नि सगळ्या आयांना बोलावून दाखवतात, हे बघ, काटा इथं आला. पोर बारीक असलं तर सांगतात, दवाखान्यात वॉर्ड आहे, तिथं आईनं पोराला घेऊन राहायचं, खायला देतात, औषध देतात. पण राहायचं म्हणजे काम बुडतं ना, बाय. वॉर्ड म्हटलं की आया तोंड फिरवतात.

त्या पोरांत एक सारजा होती. तीन वर्षांची, लाल फ्रॉक, एकच खिसा, तोच रोज. बापूस गुजरातेत बोटीवर, आईस रंजना चिकूच्या वाडीत कामाला, घरी म्हातारी आजी. ही सारजा मोठी अजब पोर. एक दिवस डाव्या हातानं बकाबका खायची, शेजारच्याचं पण ओढायची. दुसऱ्या दिवशी तीच पोर उजव्या हातानं घास घेणार, गालात धरणार, तासभर गिळणार नाय. एक दिवस मला शिव्या देणार, दुसऱ्या दिवशी नुसती बघत बसणार. ताई म्हणायच्या मूडी आहे. मी म्हणायची, अगं सारजे, आज तुझी स्वारी कुठल्या गावाला? आम्ही हसायचो.

दोन हजार अठराची दिवाळी झाली आणि पोर सुधारली. रोज खायला लागली. रोज डावा हात, रोज बकाबका, वजनाला पण चांगली भरली. ताई खूष, म्हणाल्या, बुधीबाई, अंड्यानं कमाल केली. मी पण खूष. पाड्यात सांगत फिरले, बघा, माझ्या हातचं खाऊन पोर कशी झाली.

त्याच दिवसांत धरणी हलायला लागली. तुम्हाला इथं पण कळलंच असेल. आधी पोटात गुडगुड व्हावी तसा आवाज, मंग धाडकन, सुरुंग लावल्यागत. भांडी पडायची, कौलं सरकायची. पुढं सरकारनं तंबू दिले, लोक थंडीत तंबूत झोपायचे. आमच्या अंगणवाडीच्या भिंतीला तडा गेला. ताईंनी पोरांना शिकवलं, हललं की धावत आंब्याखाली यायचं. पोरांना तो खेळच झाला. बसल्या बसल्या एखादं मांडी हलवायचं नि ओरडायचं, आला आला, की सगळी पसार.

एका दुपारी खरंच मोठा आला. मी अंडी वाटत होते. पातेलं उलटलं, स्लॅबचा गिलावा डोक्यावर पडला. पोरं आंब्याखाली गेली, सारजा तेवढी राहिली, अंडं सोडून उठेना. तिला अंड्यासकट उचलली नि बाहेर आले. पाडा सगळा धावत तिथंच आला, कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या कडेवर कोंबडी. समोरून सारजाची म्हातारी आली. तिच्या कडेवर पोर होती. ती पोर सारजा होती.

मी खाली बघितलं. माझ्या कडेवर सारजा.

बाय, धरणी हलली तेव्हा मी नाय घाबरले एवढी तेव्हा घाबरले. तेच नाक, तेच कपाळ, तोच भोवरा. फक्त म्हातारीकडची उघडी होती, पोट मोठं, हातपाय काटक्या, केस भुरे. मी मातीत बसले. ताई म्हणाल्या काय झालं, मी नुसतं बोट केलं. म्हातारीनं झटकन पदर टाकला पोरीवर. ताईंनी पदर उचलला, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्या मांडीवरच्या पोरीकडे.

जुळ्या होत्या. फ्रॉक एक, म्हणून आज हिची पाळी, उद्या तिची. एका पोरीचं ताट दोघींत. वजनाच्या दिवशी मात्र जी भरलेली तीच पाठवायची, म्हणजे वॉर्ड नको. नाव पण एकच दिलेलं. घरात थोरली आणि धाकली. आणि मी पाड्यात सांगत फिरले, पोर सुधारली! सुधारली नव्हती, बाय. दुसरी यायची बंद झाली होती. धाकलीला उठवत नव्हतं.

ताई ओरडल्या, म्हातारे, पोर लपवतात का? म्हातारी म्हणाली, तू कोण मला विचारणार? मला पण जुळी झाली होती. सगळा मुलूख बघायला आला, जुळी जुळी करत, आणि आठ दिवसांत दोघं गेली. नजर लागली. मी सुनेला सांगितलं, ह्या दोघी एका जागी कोणाला दिसायच्या नाय. बाळंतपण तिच्या माहेरी झालं, पाड्याला एकच पोर सांगितली.

तेवढ्यात रंजना वाडीतून धावत आली, हाताला चिकूचा चीक तसाच. दोघी उघड्यावर बघितल्या नि तिथंच बसून रडायला लागली. ताई म्हणाल्या, आत्ता दवाखान्यात चल. म्हातारी म्हणाली, तिथं वर स्लॅब आहे. आमच्या कुडाच्या भिंती, अंगावर पडल्या तरी माणूस मरत नाय. स्लॅब पडला तर? आता बोला. इतकी वर्षं आम्हीच सांगत होतो, पोरं पक्क्या घरात पाठवा. सगळा पाडा म्हातारीच्या बाजूचा झाला.

थोरलीच्या हातात ते अंडं अजून होतं. कोणाचं लक्ष नव्हतं. ती माझ्या मांडीवरून उतरली, बहिणीपाशी गेली, तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. धाकलीनं तो गालात धरला. बघत राहिली, बघत राहिली, आणि तुकडा तसाच ओठांतून खाली पडला.

म्हातारीनं तो तुकडा उचलला. पुसला. म्हणाली, असंच झालं होतं. माझ्या दोघांचं पण असंच पडायचं तोंडातून. मंग उठली, लुगडं खोचलं नि ताईंना म्हणाली, गाडी बोलव. रंजनाला म्हणाली, ऊठ गं, रडतेस काय, थोरलीला पण घे.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, नाव काय? म्हातारी म्हणाली धाकली. तेच लागलं, आजपण धाकलीच आहे. मी भेटायला गेले त्या दिवशी तिथं पण हादरा आला. सगळ्या बाया पोरं घेऊन जिन्याकडे पळाल्या, मी पण पळाले. मागं बघते तर म्हातारी खाटेवर, पोरीवर वाकून कमान झालेली, आणि वर स्लॅबकडे बघून म्हणते, पड, मुडद्या, आधी माझ्यावर पड.

नाय पडला.

आता दोघी येतात. फ्रॉक दोन, ताटं दोन. धाकली हळूहळू भरतेय, घास अजून गालात धरते, पण गिळते. धरणी अजून मधून मधून हलते, आम्ही पण हलतो नि परत कामाला लागतो. आता मी कुठल्या घरी पोर आणायला गेले की आधी आत डोकावते. अजून कोण आहे गं आत? बाया हसतात मला.

एक खोड मात्र धाकलीची जात नाय. कोणी परकं माणूस आलं की गपचूप उठते नि दाराआड जाऊन उभी राहते. कोणी सांगायला लागत नाय. परवा ताईंच्या वरच्या मोठ्या बाई अंगणवाडी तपासायला आल्या, पोरं मोजायला लागल्या. धाकली दाराआड. मी उठणार, तेवढ्यात थोरली ताटावरून उठली, डावा हात खरकटा तसाच, दाराआड गेली, बहिणीला फ्रॉकला धरून ओढत आणली नि बाईंसमोर उभी केली.

म्हणाली, ही पन हाय.

तुमची पण दोन नातवंडं आहेत ना तिकडं लांब? सुखी राहू दे त्यांना. भांडू दे, पण एकमेकाला दाराआड राहू देऊ नका म्हणावं. चला, मला गाडी गाठायची आहे.