सुतकात उघडलेली खोली

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं पिशव्या शिवत होतो. म्हणजे ही मशीनवर आणि मी नाडी ओवायला. ओटीत आलेले खण, ब्लाउजपीस, आयुष्यभराचे, कपाटात नुसते पडलेले, त्यांच्या ही शेजारच्या खोलीवर येणाऱ्या पोरांसाठी छोट्या पिशव्या शिवायची, प्रत्येक वेगळ्या रंगाची. ज्याचं नशेचं सामान त्याच्या पिशवीत, एकाची पिशवी दुसऱ्याने घ्यायची नाही. का, तर सुई असो, नाकाने ओढायची नळी असो, एकाची दुसऱ्याने वापरली की कावीळ लागते, एचआयव्ही लागतो. नशेत आपलं-परकं कळत नाही, रंग तरी कळतो, ही अक्कल तिची. मी एक नाडी उलटी ओवली तर म्हणाली, मिलमध्ये काय झोपा काढत होतात? मग जेवलो, सुकट आणि भात, म्हणाली जरा पडते, आणि पडली ती पडलीच.

काय सांगू तुम्हाला, मी मालवणकडचा, चौथी शिकलेला. काकाकडे आलो काळाचौकीला, ह्याच चाळीत, मिलमध्ये लागलो, मिल गेली, मग वॉचमनकी. मूलबाळ नाही. काका गेल्यावर शेजारची त्याची खोली माझ्याकडे राहिली, ती रिकामीच होती. नीलेश माझ्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा. त्याला बाप्ये आवडतात, हे त्याने मामीला कधीच सांगितलं होतं, मामीने मला सांगितलं, मी म्हटलं बरं. पण ही दुसरी भानगड तेव्हा माहीत नव्हती. नशा करून दोन दोन दिवस संबंध, चार जण, पाच जण, ना खाणं ना झोप. त्याला केमसेक्स म्हणतात. लाजू नका, लिहून घ्या, मला लाज वाटत नाही. त्यात त्याचा एक मित्र गेला. बेशुद्ध पडला आणि बाकीचे पोलिसांना घाबरून पळाले. कोणी थांबलं असतं, अँब्युलन्स बोलावली असती, तर वाचला असता. मग नीलेशने आणि त्याच्यासारख्याच काही जणांनी ठरवलं, आपलं आपणच बघायचं. खोली मागायला आला. मी म्हटलं, मामीला विचार. ही म्हणाली, दे की, उंदरांसाठी ठेवायची काय?

तिथे बाहेरचा साहेब कोणी नाही. करणारे तेच, ज्यांनी केलंय ते, नाहीतर अजून करतात ते. तपासणी असते, एक डॉक्टरबाई येते. एकटं करू नको, वर दारू घेऊ नको, कोणी पडला तर कुशीवर वळव आणि पळू नको, हे शिकवतात. सोड असं कोणी म्हणत नाही. सोडायचं म्हणाला तर मात्र सोबत करतात. आणि हॉस्पिटलात कोणाला एकट्याला पाठवत नाहीत, हा तर नियमच, कारण तिथे चारचौघांत विचारतात काय केलंस, कोणाबरोबर केलंस, की माणूस परत पाय टाकत नाही. शनिवार-रविवार उलटला की सोमवारी सकाळी येणारे जास्त. हिला आजी म्हणायचे. ही म्हणायची, चाळीशीचे घोडे, आजी म्हणतात मला! गॅलरीतल्या सावंतीणबाईने विचारलं, एवढे बाप्ये कशाला येतात हो? ही म्हणाली, क्लास आहे. कसला क्लास? म्हणाली, तुझ्या नवऱ्याला पाठव, तो येऊन सांगेल.

तर ती गेली. संध्याकाळी उरकलं सगळं, अग्नी मीच दिला, डोकं भादरलं. घरी आल्यावर नीलेश म्हणाला, मामा, खोलीला कुलूप लावलंय, ग्रुपवर टाकलंय की तेराव्यापर्यंत बंद, घरात सुतक आहे. चांगल्या घरची पोरं सगळी, मान राखायला गेली. मीही हो म्हटलं. उद्या सकाळी अस्थी आणायला जायचं ठरलं.

सकाळी दार उघडलं तर जिन्यात एक जण बसलेला. दादरचा, बँकेतला, खोलीवर येणारा. चपला खाली काढून आलेला, सुतकाचं घर म्हणून. डोळे लाल. मला बघून उठला, म्हणाला, आजोबा, मेसेज बघितला होता, तरी आलो, चुकलं, जातो. म्हटलं, काय झालं ते बोल. म्हणाला, शनिवारी कंडोम फाटला, समोरच्याला एचआयव्ही आहे, औषधं घेत नाही, हे नंतर कळलं. आता त्या गोळ्या हव्यात, रोग लागू नये म्हणून देतात त्या, तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. मला हे माहीत होतं, रोज कानावर पडायचं. म्हटलं, मग हॉस्पिटलात जा. म्हणाला, एकटा नाही जाणार. तेरावा झाल्यावर नीलेशबरोबर जाईन.

तेरावा झाल्यावर! आता ह्याला काय म्हणायचं. म्हटलं, चपला घाल.

अग्नी देणाऱ्याने असं बाहेर पडायचं नसतं, कोणाला शिवायचं नसतं. टॅक्सीत त्याने माझा हात धरला, मी काढला नाही. हॉस्पिटलात खिडकीवरची बाई माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, बाबा, तुम्हाला काय होतंय? म्हटलं, मला काही नाही, ह्याला गोळ्या पाहिजेत, आणि विचारायचं ते आत घेऊन विचारा. आत घेतलं. रक्त काढलं, गोळ्या दिल्या. पहिली गोळी त्याने बाहेरच्या नळावर माझ्यासमोर घेतली. मग रडला. मी बसून राहिलो. मला अजून रडू आलं नव्हतं.

चाळीत आलो तर नीलेश खाली उभा, चिडलेला. मामा, कुठे गेला होतात, सगळे खोळंबलेत, अस्थी राहिल्यात. म्हटलं, आधी ग्रुपवर लिही, खोली उघडी आहे. तो म्हणाला, अहो, सुतक... म्हटलं, सुतक मला आहे, त्यांना नाही. त्याने लिहिलं. वर जाऊन कुलूप काढलं, ह्या माणसाला आत चटईवर झोपवलं, अस्थींसाठी आलेल्या ग्रुपमधल्या एकाला त्याच्याजवळ बसवलं.

मग आम्ही निघालो. स्मशानातला माणूस म्हणाला, उशीर केलात हो, सकाळची वेळ दिली होती. म्हटलं, झाला उशीर. आणि मडकं हातात घेतलं.