फाटक कुठे येणार

गढ्याहून रांझीला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक मावशी आणि त्यांचा भाचा बोलत होते. रांझीत नवा बसस्टँड बांधला जात होता आणि भाचा त्या कामाच्या ठेकेदाराकडे इंजिनिअर होता.

“गुणवंत, खरं सांग. स्टँडचं फाटक माझ्या पोह्याच्या दुकानाकडं येते की मागच्या गल्लीत?”

“अजून ठरलं नाही, मावशी.”

“मग खोदून काहून राहिले?”

“पहिले सरकार पूर्ण नकाशा काढायचं, मग बांधायचा ठेका द्यायचं. आता दोन्ही कामं एकाच ठेकेदाराकडं. पाया सुरू होतो, बाकीचे नकाशे मागून निघत राहतात.”

“अच्छा. शिंप्यानं कापड कापलं, अन् बाही लांब की आखूड ते नंतर.”

“तसंच. काम लवकर होते.”

“अन् चुकलं तर?”

“आमच्याच अंगावर. पहिले नकाशावाला अन् बांधणारा एकमेकांकडं बोट दाखवायचे.”

“हे बरं केलं. मग फाटक कोण ठरवते?”

“आमचे नकाशावाले. परवा फाटकाचा नकाशा मंजुरीला पाठवतात.”

“बसतात कुठं?”

“साइटवरच, पत्र्याच्या ऑफिसात. मावशी, तिथं येऊन भांडू नको हां.”

“भांडत नाही रे. सकाळी नाश्ता करतात का ते?”

“करतात.”

“मग उद्या माझ्या दुकानात बसव त्यांना. लोक कुठून चालत येऊन राहिले, ते खाता खाता दिसेल.”

“अन् तरी फाटक मागंच ठेवलं तर?”

“पाहून ठेवलं, तर मी दुकान मागं नेईन. न पाहता ठेवलं, तर नाही.”